जास्वंदीचे बिऱ्हाड

झाडाला पाय नसतात. पक्ष्याने टाकलेले बी जेथे पडेल, किंवा माणसाने हाताने लावलेली फांदी जेथे जीव धरील, तेथेच त्याचे सारे आयुष्य जाते. ऊन फार झाले म्हणून ते सावलीत सरकत नाही. विहीर आटली म्हणून ते दुसऱ्या गावी जात नाही. माणसाचे तसे नाही. कधी नोकरीसाठी, कधी शिक्षणासाठी, कधी धरणाचे पाणी गावात शिरणार म्हणून, तर कधी राहते घर पडायला आले म्हणून त्याला बिऱ्हाड हलवावे लागते. अशा वेळी भांडी गाडीत चढतात, अंथरुणांच्या वळकट्या बांधल्या जातात, देव्हाऱ्यातील देव जपून हातात घेतले जातात. अंगणातील झाड मात्र जेथल्या तेथे उभे राहते. त्याला बरोबर नेता येईल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

पुण्याच्या एका जुन्या पेठेतील वाड्यात एका आजींच्या मनात मात्र ते आले. हा वाडा नऊ बिऱ्हाडांचा होता. मध्ये फरसबंद चौक, चौकात तुळशीवृंदावन, मागील बाजूस विहीर आणि विहिरीजवळ मोकळ्या मातीचे लहानसे परस. त्या परसात आजींची जास्वंद होती. रोपवाटिकेत मिळणाऱ्या मोठ्या, दुरंगी फुलांची ऐट तिच्या फुलांना नव्हती. फूल साधे, पाच पाकळ्यांचे, लालभडक. जास्वंदीचे असे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटून जाते; एका दिवसाचे त्याचे आयुष्य. पण झाड असे उदार, की वर्षातील बहुतेक दिवस पूजेला दोनचार फुले मिळत. आजींनी तीस वर्षांपूर्वी माहेरच्या अंगणातून तिची फांदी आणून येथे लावली होती. माहेरचे ते घर आणि ते अंगण पुढे राहिले नाही. जास्वंद तेवढी राहिली.

वाडा आता मोडकळीस आला होता. तो पाडून तेथे नवी इमारत उभी करावयाचे ठरले आणि दिवाळीपूर्वी सर्वांनी जागा मोकळी करावी, असे वैशाखातच सांगण्यात आले. आजींच्या मुलाने दुसऱ्या मजल्यावरील एक जागा भाड्याने पाहून ठेवली. तिला पूर्वेकडे गॅलरी होती; उजेड होता, वारा होता. माती मात्र हातभरही नव्हती.

“आई, जास्वंदीची फांदी सहज लागते,” मुलगा म्हणाला. “दोन फांद्या कुंडीत लावू. फूल अगदी हेच येईल.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बियांपासून झालेले रोप मूळ झाडासारखेच निघेल, असे नसते. पण फांदीपासून वाढवलेल्या झाडात मूळ झाडाचेच सारे गुण उतरतात. तोच रंग, तीच पाकळी, तोच बहर. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “फांद्या तर लावूच. फांदीचे झाड कसे होते, ते मला ठाऊक आहे रे. पण हे एवढे झाड जिवंत उभे असताना त्याच्याकडे पाठ फिरवून जायचे, हे मनाला पटत नाही. जगेल न जगेल. प्रयत्न तरी करू.”

आजींच्या बारा वर्षांच्या नातीला ही कल्पना फारच आवडली. तिने कोपऱ्यातील कुदळ उचलली. “मग आजच काढू या ना, आजी!”

पेठेतील बागा राखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा एका वृद्ध माळीबुवांना आजींनी बोलावून घेतले. त्यांनी झाडाभोवती एक फेरी घातली, खोड हलवून पाहिले आणि नातीच्या हातातील कुदळ हळूच काढून घेतली. “आज उपटले, तर आठ दिवसांत त्याची काटकी होईल, पोरी. झाड हलवायचे तर त्याला आधी सांगून ठेवावे लागते. आजी, मला अडीच महिने द्या.”

झाडाला सांगायचे म्हणजे काय करायचे, हे समजण्यासाठी मातीखाली काय चालते ते पाहिले पाहिजे. झाडाचा जेवढा विस्तार वर दिसतो, तेवढाच खाली असतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, आणि त्यांतील बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हातदीड हात थरातच असतात. खोडाजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात आणि पाणी वाहून नेतात; पण मातीतील पाणी शोषून घेण्याचे खरे काम मुळांची कोवळी टोके करतात. त्या टोकांजवळ केसांहूनही बारीक असे मूलरोम असतात. ते थोडेच दिवस जगतात. जुने गळतात आणि नवे येतात. ही टोके खोडापासून दूर असतात. म्हणूनच जुने झाड घाईने उपटले, की हाती जाडजाड मुळे येतात आणि पाणी पिणारी तोंडे मात्र मातीतच तुटून राहतात. पाने वर तशीच असतात. त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जातच राहते. खर्च तेवढाच आणि मिळकत बंद, अशी त्या झाडाची गत होते.

तेव्हा दूरची मुळे तुटणारच असतील, तर खोडाजवळ नवी मुळे फुटावीत अशी तजवीज आधी करावी लागते. माळीबुवांनी पहिल्यांदा कुंडी आणावयास सांगितले. नातीला याचे नवल वाटले, कारण झाड अजून जमिनीतच होते. पण मुळांचा किती गोळा घ्यायचा, हे कुंडीवरून ठरते. दोन फूट रुंद तोंडाची जाड मातीची कुंडी आली. गोळ्याच्या सर्व बाजूंनी चार बोटे नवी माती राहावी, या हिशेबाने दीड फूट व्यासाचा गोळा घ्यायचे ठरले. खोडाला दोरी बांधून, एक वीत अंतरावर दुसऱ्या टोकाला काटकी धरून, नातीने जमिनीवर वर्तुळ काढले. भूमितीच्या तासाला शिकलेली गोष्ट असा उपयोगी पडेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

ज्येष्ठात पावसाच्या पहिल्या सरी पडून माती मऊ झाली. माळीबुवांनी वर्तुळाच्या रेषेबाहेर अर्ध्याच भागात चर खणला. चरात आडवी आलेली मुळे त्यांनी कुदळीने ठेचली नाहीत; धारदार कोयत्याने आणि लहान करवतीने ती स्वच्छ कापली. ठेचलेले मूळ कुजते, स्वच्छ कापलेल्या मुळाला कडेने नवी मुळे फुटतात. मग चरात शेणखत, कुजलेला पालापाचोळा आणि पोयट्याची माती मिसळून भरली. उरलेला अर्धा भाग त्यांनी तसाच ठेवला. एका बाजूची मुळे तुटली, तरी दुसऱ्या बाजूची मुळे झाडाला पाणी पुरवीत होती. तीन आठवड्यांनी, आषाढात, दुसऱ्या अर्ध्या भागातही असाच चर खणून भरण्यात आला. झाड जागेवरच होते. कोणी नवखा माणूस परसात आला असता, तर काही घडले आहे, असे त्याला वाटलेही नसते. आत मात्र वर्तुळाच्या कडेला पांढरी, दोऱ्यासारखी मुळे फुटू लागली होती.

नातीला ही वाट पाहणे फार जड गेले. शाळेतून आली, की ती परसात जाई आणि खुरप्याने माती उकरून मुळे दिसतात का ते पाही. एकदा माळीबुवांनी तिला पकडले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “पोरी, भाकरी तव्यावर असताना दर क्षणाला उलटून पाहिली, तर ती भाजेल कधी?” त्या दिवसापासून खुरपे कोनाड्यात गेले.

श्रावण संपत आला. आता झाड उचलावयाचे होते. पण त्याआधी आणखी एक काम होते आणि ते सर्वांत कठीण होते. जास्वंद सहा फूट उंच होती. तिच्या फांद्या कळ्यांनी लहडल्या होत्या. माळीबुवांनी तिला तीन फुटांवर आणावयास सांगितले.

“बुवा, पंधरा दिवसांवर गणपती आले आहेत,” आजी म्हणाल्या. “तेवढे होऊ द्या ना.”

“आजी, निम्मी मुळे आपण आधीच काढली आहेत,” ते नम्रपणे म्हणाले. “जेवढी मुळे गेली, तेवढी पाने गेली पाहिजेत. नाहीतर उरलेल्या मुळांना एवढ्या फांद्या पोसवणार नाहीत. फुले राखली, तर झाड जाईल. तुम्ही सांगाल तसे करतो.”

आजी थोडा वेळ त्या कळ्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच कात्री आणली आणि पहिली फांदी आपल्या हाताने कापली. त्या वर्षी गणपतीला घरच्या जास्वंदीचे फूल मिळाले नाही. मंडईतून आणलेली फुले वाहिली गेली. आजी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत; पण पूजेच्या वेळी त्यांचा हात सवयीने परसाच्या दाराकडे वळला होता, हे नातीने पाहिले.

कापलेल्या फांद्यांचा परसात ढीग पडला. नातीने त्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या निवडल्या. प्रत्येक काडीचा खालचा छेद पेराच्या थोडा खाली घेतला, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढून टाकली आणि वाळूमिश्रित ओल्या मातीच्या पिशव्यांत त्या खोचल्या. जास्वंदीच्या पेरापाशी मुळे लवकर फुटतात. पावसाळी हवेत काड्या सुकत नाहीत. तरीही काही काड्या काळ्या पडून गेल्या. पण चौदा काड्यांना पालवी आली. वाड्यातील नवांपैकी प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक रोप देऊनही पाच उरली. कोणी पिंपरीला चालले होते, कोणी नाशिकला, कोणी मुलाकडे नागपूरला. तीस वर्षे एका विहिरीचे पाणी प्यालेली माणसे आता पांगणार होती. जाताना प्रत्येकाच्या सामानात त्या जास्वंदीची एक पिशवी होती. झाड वाचवण्यासाठी जे कापावे लागले, त्याचाच हा प्रसाद झाला.

उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी घालण्यात आले. पुण्याकडील काळी माती कोरडी असली, की तिला भेगा पडतात आणि गोळा फुटतो. बेताची ओली असली, तर ती मुळांना घट्ट धरून राहते. सकाळी पूर्वीच्या चराची माती काढली गेली आणि पहारीने गोळ्याखालची माती पोखरण्यात आली. खाली सरळ गेलेले एक जाड मूळ लागले. तेही करवतीने कापले. मग गोळ्याखालून गोणपाट सरकवले, त्याच्या कडा वर घेऊन सुतळीने करकचून बांधल्या. सर्वांना एकच ताकीद होती : खोडाला धरून कोणी ओढायचे नाही. खोड ओढले, की मातीचे सारे ओझे मुळांवर लोंबते आणि कोवळी मुळे तटातट तुटतात. गोणपाटाच्या कडांखालून दोन बांबू घालून चार जणांनी जास्वंद वर घेतली.

ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे ३५०० वर्षांपूर्वी इजिप्त देशात हातशेपसुत नावाची राणी राज्य करीत होती. तिने पुंट नावाच्या दूरच्या देशी जहाजे पाठवली आणि तेथून सुगंधी धुपाची झाडे आणवली. दैर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर हा प्रवास कोरलेला आहे. त्या चित्रांत झाडे मुळांसकट टोपल्यांत ठेवलेली आहेत आणि माणसे ती टोपली दांड्याला अडकवून खांद्यावर वाहून नेत आहेत. झाड एकटे नेता येत नाही, त्याच्याबरोबर त्याची थोडी माती न्यावी लागते, हे त्या प्राचीन माणसांनाही कळले होते.

कुंडीच्या तळाच्या भोकावर माळीबुवांनी खापराचा तुकडा पालथा ठेवला. त्यामुळे पाणी निघून जाते, पण माती वाहत नाही. त्यावर पोयटा, कुजलेले खत आणि वाळू यांचे मिश्रण घातले. परसातील नुसती काळी माती भरली असती, तर कुंडीत ती दगडासारखी घट्ट बसली असती. गोळा आत ठेवल्यावर गोणपाट सोडून काढले. जमिनीत असताना खोडाचा जेवढा भाग मातीत होता, तेवढाच कुंडीतही राहील, असे पाहिले. कारण खोड जास्त पुरले, तर ते कुजते आणि मुळे उघडी राहिली, तर ती वाळतात. कडेची माती काठीने दाबून पोकळ्या बुजवल्या, वर पाणी थांबण्यासाठी दोन बोटे जागा सोडली आणि तळाच्या भोकातून वाहू लागेपर्यंत पाणी घातले. चौकातील सावलीच्या कोपऱ्यात कुंडी ठेवण्यात आली. मुळे सावरेपर्यंत ऊन आणि वारा हे दोघेही झाडाचे पाणी हिरावून घेतात.

चौथ्या दिवशी पाने पिवळी पडू लागली. दहाव्या दिवशी बहुतेक पाने गळली. नातीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने झारी भरून आणली; पण आजींनी तिचा हात धरला. “आजारी माणसाला आपण एकदम पंचपक्वान्ने वाढतो का गं? आधी बोट मातीत घालून पाहा.” बोटाला ओल लागली. झाडाला पाणी लागते, तसेच मुळांना हवाही लागते. माती सतत चिंब राहिली, तर हवेची जागा पाणी घेते आणि मुळे गुदमरून कुजतात. कुंडीतील पुष्कळ झाडे तहानेने मरत नाहीत, मायेने घातलेल्या जादा पाण्याने मरतात. खताचेही तसेच. नवी पालवी येईपर्यंत खत घालावयाचे नव्हते.

“पण ती जिवंत आहे का, हे कसे कळणार?” नातीने विचारले. आजींनी नखाने एका फांदीची साल किंचित खरवडली. आतून हिरवा ओला रंग दिसला. दुसऱ्या फांदीवर खरवडले, तेव्हा ती तपकिरी आणि कोरडी निघाली. ती फांदी गेली होती. ती कापून टाकली. उरलेल्या चार फांद्या नुसत्या काड्यांसारख्या उभ्या होत्या. पण सालीखाली हिरव्या होत्या.

भाद्रपद सरता सरता एका पेरावर मोहरीएवढा हिरवा डोळा दिसला. मग दुसरा, मग तिसरा. दसऱ्याच्या सुमारास पाने उलगडली. आकाराने ती लहान होती. पण तजेलदार होती. दिवाळीच्या आठ दिवस आधी आजींचे बिऱ्हाड हलले. सर्वांत शेवटी जास्वंद गेली. बांबूंना बांधलेल्या झोळीत बसून ती दोन मजले चढली. पहिले फूल माघात आले. त्या सकाळी नातीने ते तोडले नाही. संध्याकाळी मिटेपर्यंत झाडावरच ठेवले.

येथे काम संपले, असे कोणास वाटेल. पण कुंडीतील झाडाचे आयुष्य जमिनीतील झाडाहून वेगळे असते. जमिनीतील झाड उन्हाळ्यात तहान लागली, तर मूळ खोल धाडते. कुंडीतील मूळ भिंतीला थडकून गोल फिरत राहते. त्याला मिळणारे पाणी, खत आणि माती ही सारी माणसाच्या हातून येतात. लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिउद्यानात सायकसच्या गटातील एक झाड आहे. फ्रान्सिस मॅसन या वनस्पतिसंग्राहकाने ते १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून तेथे आणले. जगातील सर्वांत जुन्या कुंडीतील झाडांपैकी ते एक मानले जाते. त्याचे लांब खोड आता टेकूंवर तोलून धरले आहे. ज्या माणसांनी त्याला प्रथम पाणी घातले, ती केव्हाच काळाआड गेली. त्यांच्या जागी दुसरी आली, त्यांच्या जागी तिसरी. अडीचशे वर्षांत हात बदलले. पाणी घालणे थांबले नाही.

आजींच्या गॅलरीत भिंतीवर आता एक कागद लावलेला आहे. त्यावर पाणी घातल्याच्या दिवशी खूण केली जाते. सर्वांत खाली नातीच्या अक्षरात एक ओळ आहे. दर तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढायचे, गोल फिरलेली मुळे कडेने छाटायची आणि नवी माती भरायची, असे त्या ओळीत लिहिले आहे. पहिल्या खेपेस ती पंधरा वर्षांची असेल. आजींचे गुडघे आताच दुखतात. तोपर्यंत त्यांना खाली बसवणार नाही. ते काम नातीलाच करावे लागेल, आणि कसे करायचे, हे तिला आता ठाऊक आहे.